बकरीचं तिकीट

सोमवार, ४ फेब्रुवारी

आत्या,

काल दुपारी तू तिचा पुठ्ठा पाण्याच्या बशीत सोडलास, त्या क्षणापासून तू माझी कुणी लागत नाहीस.

वरचं ‘आत्या’ सवयीनं आलंय. ‘सप्रेम नमस्कार’ पण आलं होतं, ते खोडलं. कागद उजेडात धरलास तर दिसेल. तुला नाहीतरी सगळं उजेडात धरून बघायची खोड आहे.

फोन करून झाला. तू माझा नंबरच बंद करून टाकलायस. म्हणून हा कागद. एरवीही कागदाशिवाय दुसऱ्या कशावर तुझा विश्वास कधी होता? माणसांवर तर नाहीच. माझ्यावर होता असं मला वाटत होतं, तो माझा गाढवपणा.

तुझ्याच पुस्तकातलं तुला ऐकवतो, कारण ते मला पाठ आहे. बेटाबेटांमधून फिरणाऱ्या बोटींवर पोस्टाची तिकिटं चालत नसत. पार्सलं, पेट्या, कोंबड्यांची खुराडी, सगळ्यांना बोट कंपनीनं स्वतः छापलेली तिकिटं लागत. त्यात बकऱ्यांसाठी छापलेलं एक तपकिरी तिकीट होतं. त्याबद्दल तू लिहिलंयस, ‘हे तिकीट प्रत्यक्ष वापरात कधीच आलं नाही. आज जी मिळतात ती कंपनीच्या कपाटात उरलेली, कोरी.’ ठाम. पूर्णविराम. तोंडानं मात्र तू हसत सांगायचीस, “वापरलंही असेल रे. पण तिकीट चिकटवलेला पुठ्ठा बांधायचे बकरीच्या गळ्यात. बोट धक्क्याला लागेपर्यंत बकरीनं पुरावा खाऊन टाकलेला.” पुस्तकात हसता येत नाही म्हणून तिथे ठाम झालीस, आणि मग स्वतःच ते खरं मानायला लागलीस.

एका बकरीनं तो खाल्ला नव्हता. काल तुझ्या टेबलावर मी ठेवला तो तोच पुठ्ठा. मळका, काठ कुरतडलेला, सुतळी अजून गाठीसकट. त्यावर तपकिरी तिकीट, आणि तिकिटावरून पुठ्ठ्यावर आडवी उतरलेली जांभळी खूण, बोटीचं अक्षर आणि फेरीचा आकडा. जिच्याशी मला लग्न करायचंय, तिचे आजोबा गवंडी होते. या बेटावर कामाला आले तेव्हा बरोबर बायको, तान्हं मूल आणि बकरी. बायकोच्या अंगावर दूध नव्हतं, म्हणून बकरी. ते तान्हं मूल म्हणजे तिचे बाबा, आज धक्क्यावर क्रेन चालवतात. इतकी वर्षं तो पुठ्ठा त्यांच्या घरात घड्याळाशेजारी खिळ्याला लटकत होता. ती म्हणते, “आमच्याकडे आजीचा फोटो नाही, पण बकरीचं तिकीट आहे.”

तिनं तो स्वतः खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिला. “तुझ्या आत्याला दाखव. खूश होतील.”

खूश!

तू मला आतून मोठं भिंग आणायला पाठवलंस. मी आलो तर बशीतलं पाणी जांभळं. मी ओरडलो. तू चिमटा खाली ठेवलास, हात पुसलेस आणि आमटी खारट झाली म्हणावं तशी म्हणालीस, “शाई सुटली. खोटं आहे.”

आत्या, शाई सुटली म्हणूनच ते खरं आहे! हे मला कुणी शिकवलं? मी दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडून तुझ्या प्रदर्शनाच्या अल्बमाचं काम करायला आलो, बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं, आणि तू खोलीचं दार लावून मला पहिली गोष्ट सांगितलीस ती हीच. पोस्टाचा शिक्का तेलकट शाईचा, तो पाण्यानं हलत नाही. पण बोटीवरच्या कारकुनाकडे शिक्का कुठला! त्याच्या कानावर कॉपिंग पेन्सिल. जिभेला लावायची आणि जांभळं लिहायचं. खऱ्या खुणेवर पाण्याचं टिंब ठेवलं की ती विरघळते. आजचा लबाड माणूस चांगलं पेन वापरतो, त्याची खूण हलत नाही आणि तो तिथेच सापडतो. मी विचारलं, “मग हे पुस्तकात का नाही?” तू म्हणालीस, “लिहिलं की उद्या गावातले सगळे चोर जिभा बाहेर काढून बसतील. एक खूण आपल्यापाशी ठेवायची.”

आपल्यापाशी. म्हणजे जगात तू आणि मी.

आणि तपासायचं ते कसं? मागच्या काठाला, ओल्या ब्रशच्या टोकानं. तू अख्खा पुठ्ठा बुडवलास. आता त्या पुठ्ठ्यावर एक तपकिरी तिकीट आहे आणि एक जांभळा डाग. कुणाला काय दाखवायचं?

मी तुझं घर सोडलंय. धक्क्यामागे शिंप्याच्या दुकानावर खोली घेतलीय. तुझ्या तिकीटसंग्राहक मंडळाला लिही की पुठ्ठा खरा आहे. नाहीतर मी सोडणार नाही.

तुझा (हे खोडत नाही, वाच आणि लाज वाटून घे)
भाचा


शनिवार, ९ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

आजपासून तुम्हांला अहो-जाहो. परक्यांना करतात तसं.

आजच्या सभेत तुम्ही फार सुंदर बोललात. मंडळातले सगळे माना डोलवत होते. आमचे अध्यक्ष, दिवसभर लोकांचे दात बघतात आणि संध्याकाळी तिकिटांच्या काठांचे मोजतात, ते डॉक्टरसुद्धा. तुम्ही म्हणालात, “शाई पाण्यात उतरली. याहून जास्त मी काय सांगू?” बरोबर आहे. बाकीच्यांचा संबंध पोस्टाच्या तिकिटांशी. शाई उतरली म्हणजे खोटं, हे त्यांना शाळेपासून माहीत. बोटीच्या तिकिटांतलं कळतं ते एकट्या तुम्हांला. तुम्ही म्हणाल ती पूर्व.

मग डॉक्टरांनी विचारलं, हा पुठ्ठा आला कुठून? आणि तुम्ही म्हणालात, “मुलगी मालगोदामात वजनकाट्यावर बसते. तिथे जुने पुठ्ठे, सुतळ्या पडलेल्या असतात. कोरं तिकीट तर बाजारात मिळतंच. मी कुणावर आरोप करत नाही.”

आरोप न करायची काय ही पद्धत, बाई!

मी उठलो. कॉपिंग पेन्सिलचं सगळं सांगितलं. हो, तुमची खूण मी फोडली, भर सभेत. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग बाईंच्या पुस्तकात हे कसं नाही?” मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चष्मा पुसत होतात. एक शब्द, बाई. नुसतं ‘हो’ म्हटलं असतंत तरी चाललं असतं. काच इतकी काय मळली होती?

मागून कुणीतरी म्हणालं, “पोरगं प्रेमात आहे. बोलू द्या.” हशा पिकला. तुम्ही हसला नाहीत, एवढं मात्र मी पाहिलं.

त्यानंतरचं तुम्ही तिखटमीठ लावून बाबांना कळवलं असेलच. खुर्ची मी फेकली नाही. ती पडली. आधी ती माझ्या हातात होती, एवढंच.

डॉक्टर मालगोदामाच्या साहेबांना पत्र टाकणार आहेत. ‘आपल्या कर्मचाऱ्याकडून जुन्या मालाचा गैरवापर होत असल्याची शंका.’ शंका! तू घातलीस ती शंका त्यांच्या डोक्यात. तू ओळखतेस तिला? एकदा तरी बोललीस? मी तिचं नाव काढलं की तू म्हणायचीस, “कोण, ती काट्यावरची?” जशी ती काट्यावर ठेवलेली पेटीच.

बघा, रागात पुन्हा तू आलं. जाऊ द्या. परक्यांवर इतका राग येत नाही, हेच त्याचं कारण असणार.

भाचा


गुरुवार, २१ फेब्रुवारी

आत्या,

तुझं कार्ड मिळालं. ‘कॉलेजात परत जा. त्या मुलीचा नाद सोड. मग बघू.’

मग बघू! भाव करतेयस? मी कॉलेज सोडलं तेव्हा माझ्या बाबांशी कोण भांडलं होतं? “दादा, त्याच्या हाताला चिमटा शोभतो, पट्टी-कंपास नाही,” हे कोण म्हणालं होतं? तेव्हा तुला प्रदर्शनासाठी दोन तरुण डोळे हवे होते. आता त्या डोळ्यांना दुसरं काही दिसायला लागलं, तर म्हणे कॉलेज.

इथलं सांगतो, ऐक. तिला काट्यावरून उठवलं. साहेबांनी मागच्या गोदामात टाकलंय, रिकामी खोकी मोजायला. काट्यावर चौकशी होईपर्यंत दुसरा माणूस. तिथे उजेड नाही, खिडकी नाही, आणि जाता-येता हमाल पोरं ‘मेंऽऽ’ करतात. एकानं तिच्या डब्यावर पालापाचोळा आणून ठेवला. ती पाला बाजूला करते, डबा उघडते, जेवते. मी म्हटलं, नाव सांग, थोबाड फोडतो. ती म्हणाली, “तू काही फोडू नकोस. तुझी फोडाफोडी बघितली मी.” तिच्या बाबांनी घड्याळाजवळचा खिळा उपटून टाकलाय. भिंतीला नुसतं भोक.

माझ्याशी ती अजून बोलते. म्हणजे भांडते. “तुझ्या हातात दिला होता. तिच्या नाही.” मी सांगतो, आत्यानं बुडवला, मी काय करणार? मी काय स्वप्न बघितलं होतं? ती म्हणते, “तू कुठे होतास?”

भिंगाचं मी तुला लिहिलं होतं. तू भिंग मागितलंस हे खरं. पण ते टेबलावरच होतं, तुझ्या कोपराजवळ, हे तुला माहीत आहे आणि मलाही. मी गॅलरीत होतो. तिला फोन करत होतो, की आत्या बघतेय, आत्याचा चेहरा बघायला हवा होतास, आत्याला पटणार आता तूही आणि बकरीही. ती हसत होती. तेवढ्यात तू बुडवलास. झालं समाधान? पण त्यानं तुझा गुन्हा गुंजभरही कमी होत नाही. उलट मी तुझं कौतुक करत होतो तेव्हाच तू ते केलंस.

मी खूप विचार केला, तू हे का केलंस. आधी वाटलं, ती आवडत नाही म्हणून. मग वाटलं, मी लग्न करून जाईन, अल्बम अर्धा राहील म्हणून. पण खरं तसं नाही. तुझा राग तिच्यावर नाही आणि माझ्यावरही नाही. अख्खा जन्म बंदर खात्यात नकाशे काढलेस, त्यावर नाव साहेबांचं आलं. नोकरी संपल्यावर एक पुस्तक तुझ्या नावानं निघालं. त्यातलं एक वाक्य एका गवंड्याच्या बकरीनं खोटं पाडलं, आणि तुला ते सोसलं नाही. समोर पाण्याची बशी होती. हात गेला. एवढंच ना?

मला एवढं कळतं म्हणजे मी समजून घेतोय असं समजू नकोस.

चौकशी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. मंडळानं शब्द मागे घेतला तर साहेब चौकशी बंद करतील, असं त्यांनी तिच्या बाबांना तोंडी सांगितलंय. नाहीतर तिची नोकरी जाईल, आणि या धक्क्यावर तिच्या नावाला कायमचं ‘मेंऽऽ’ चिकटेल. म्हणून मला काय हवं ते सरळ लिहितो. दोन तारखेच्या सभेत उभी राहा आणि सांग, पुठ्ठा खरा आहे. तुझं नाक कसं वाचवायचं ते तुझं तू बघ. बदल्यात काय हवं ते माग. कॉलेज आणि ती सोडून काहीही.

मी पाया पडत नाहीये, हे लक्षात ठेव. मागतोय.

भाचा


रविवार, ३ मार्च

आत्या,

शाबास.

मी ‘काहीही माग’ लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं, तू म्हणशील अल्बम पुरा करून दे, बाबांची माफी माग, खुर्चीचा तुटलेला पाय दुरुस्त करून आण. तू काय मागशील हे मला कळायला हवं होतं. पण तू मागितलंसही नाही. न विचारता उचललंस.

काल मी त्या दोघांना मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं होतं. तिच्या बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, वरचं बटण लावून. ती सारखी त्यांची कॉलर सरळ करत होती. मी दोघांना म्हटलं, “बघा, आत्या आज बोलेल. कितीही झालं तरी ती खोटं फार वेळ धरून ठेवू शकत नाही.” असा मी तुझा वकील!

तू उभी राहिलीस. कागद काढलास. आवाज अगदी तुझा, नकाशातल्या रेघेसारखा. “पुठ्ठा अस्सल आहे. खूण कॉपिंग पेन्सिलची आहे आणि ती पाण्यात अशीच विरघळते. बकऱ्यांचं तिकीट वापरात होतं, याचा हा पहिला पुरावा. माझं पुस्तक या जागी चुकलं.” तिच्या बाबांनी डोळे मिटून घेतले. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि आत्या, ती हसली. एवढ्या दिवसांनी. तो क्षण मला मिळाला, तो तुझ्यामुळेच मिळाला, हे मी नाकारत नाही.

मग तू पान उलटलंस.

“माझ्या भाच्यानं, जो माझा मदतनीस होता, तिकीट पुठ्ठ्यावरून सोडवून अल्बमात लावावं म्हणून माझ्या माघारी तो पाण्यात टाकला. बशीतलं पाणी बघून घाईत माझा गैरसमज झाला. मुलीला झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे.”

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण त्या खोलीत बसलेल्यांना काय वाटलं असेल! पुठ्ठ्यासकट सापडलेलं तिकीट भिजवून सोडवणं हे चड्डीतल्या पोरांचं काम. जाणती माणसं असल्या गोष्टी एकमेकांना सांगून शहारतात, कारण मोल असतं ते खुणेसकट अख्ख्या पुठ्ठ्याला. कुणी उसासा टाकला. कुणी ‘अरेरे’ केलं. डॉक्टरांनी तर असं तोंड केलं की मी त्यांच्या दवाखान्यात शिरून पेशंटचे चांगले दात उपटून आलोय.

“खरं आहे का रे?” ते म्हणाले.

तू माझ्याकडे बघत होतीस. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता.

माझं तोंड उघडलं होतं. तुला माझं तोंड माहीत आहे, ते उघडलं की काय बाहेर पडतं तेही. ‘नाही, खोटं बोलतेय ही’ एवढं जिभेवर आलं होतं. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात, जिथे सहसा काही नसतं, काहीतरी चाललं. मी ‘नाही’ म्हटलं की तुझा कागद खोटा. तुझा कागद खोटा ठरला की नुसतं दुसरं पान जाणार नाही, पहिलंही जाणार. मग पुठ्ठा खरा म्हणणारं या जगात कुणी उरणार नाही. तू इतकं मोजून मापून बांधलं होतंस. दोन पानं, एकाच टाचणीत.

“हो,” मी म्हणालो. “मीच.”

पुढचं तुला माहीत नाही, कारण तुझ्याभोवती गर्दी झाली होती. “बाई, नवी आवृत्ती काढा.” “बाई, केवढा शोध!” चूक कबूल करणाऱ्या विदुषी म्हणून टाळ्यासुद्धा पडल्या. मला जिन्यापर्यंत ऐकू येत होत्या.

जिन्यात ती उभी होती.

“महिनाभर आत्याच्या नावानं बोंबलत होतास.”

मी एक पायरी खाली उतरलो.

“माझ्यासमोर रडलास. आत्यानं बुडवला, आत्यानं बुडवला. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं.”

मी आणखी एक उतरलो, ती आडवी आली.

“बोल की! एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही तुझा.”

तिचे बाबा मध्ये पडले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. काय माणूस आहे तो! म्हणाले, “जाऊ दे गं. पोरगं चुकलं. चारचौघांत कबूल तर केलं.”

ती म्हणाली, “चुकल्याचं काही नाही हो बाबा. पुठ्ठाच होता तो. पण इतके दिवस माझ्या तोंडावर खोटं बोलत होता.”

खोटं मी त्या दिवशी एकदाच बोललो होतो, पाच मिनिटांपूर्वी. आणि तिला तेवढंच खरं वाटलं.

डॉक्टरांनी सकाळी निरोप पाठवला की मंडळाच्या खोलीत यापुढे येऊ नये. चौकात जुनी तिकिटं विकणाऱ्यानं मला दुकानात घेतो म्हटलं होतं. तोही म्हणाला, “ओल्या हातांची माणसं नकोत बाबा.” या शहरात मला दुसरं काय येतं? कॉलेज अर्धं. चिमटा धरायला तू शिकवलंस, आणि तोही तूच काढून घेतलास.

उद्यापासून ती पुन्हा काट्यावर बसणार. साहेबांनी स्वतः सांगितलं. तेवढं एक झालं.

माझे कपडे आणि वह्या तुझ्याकडे आहेत. मंगळवारी दुपारी येईन. घरात असलीस तरी बोलू नकोस.


मंगळवार, ५ मार्च
तुझ्याच जेवणाच्या टेबलावर

मी तुझ्याशी बोलणार नाही असं ठरवलंय, म्हणून समोर भिंतीपलीकडे तू बसली असताना हे लिहितोय. वेडेपणा आहे, मला कळतं.

दार उघडलंस. मी आत आलो. तू बाजूला झालीस. माझे कपडे घड्या घालून पिशवीत भरून ठेवले होतेस, शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा लावलं होतंस. असं करू नकोस. बटण उसवून टाकायला माझ्याकडे वेळ नाही.

तू आत गेलीस. दार लोटलंस, लावलं नाहीस. थोड्या वेळानं म्हणालीस, “चहा टाकू?” “दुपारचं काही खाल्लंस?” “कुठे चाललायस?” हे लिहून सांगतो. पलीकडच्या बेटाच्या बोटीवर माल उतरवून घ्यायचं काम मिळालंय. तिच्या बाबांनी शब्द टाकला. तिला न सांगता. पोरगं चुकलं म्हणून त्याला उपाशी का मारायचं, म्हणाले. बघ, माणसं अशीही असतात.

मला वाटलं झोपलीस. आणि आतूनच म्हणालीस, “मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. आरडाओरडा करशील. मग मलाही सुटता आलं असतं. तुझं ‘हो’ ऐकलं आणि मी उभीच राहिले रे, पुढे काय बोलायचं तेच कळेना.”

हे मला कशाला सांगतेस? उभी राहिलीस, आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्या थांबवायला किती अक्षरं लागली असती?

आता, मी पिशवीचा बंद ओढत होतो तेव्हा, तू दाराशी आलीस. तुला मी इतकं लहान कधी बघितलं नव्हतं. म्हणालीस, “मी जाऊन सांगू का तिला? मंडळाला नको. तिला एकटीला.”

मी खुर्चीवर परत बसलो ते यासाठी. पेन उघडून तसाच बसलो होतो. तू आत गेलीस, तुझ्या बांगड्या वाजणं थांबलं, म्हणजे तूही उत्तराची वाट बघतेयस.

खरं सांगू? माझा जीव ओढला. तू तिच्या काट्यासमोर उभी आहेस, ती वजनं बाजूला ठेवते, ऐकते, आणि मग बोटीच्या शिडीपर्यंत पळत येते, हे सगळं मला दिसलं. सिनेमासारखं दिसलं. मला आज रात्री झोप लागणार नाही ती त्याच्यामुळे.

पण तू तिला ओळखत नाहीस, मी ओळखतो. तिच्या पोटात खोटं राहत नाही. तू सांगितलंस की ती त्याच पावली मंडळाच्या खोलीत जाईल आणि म्हणेल, याचं नाव खोडा, बाईंनी बुडवलं होतं. डॉक्टर म्हणतील, आता ही तिसरी गोष्ट! आधी खोटा, मग भाच्यानं बुडवला, आता आत्यानं. एकाच पुठ्ठ्याच्या तीन कहाण्या म्हटल्यावर साहेब पुन्हा विचारात पडतील, आणि विचारात पडलेला साहेब सगळ्यात आधी काय करतो ते तिला कळून चुकलंय. काल ती काट्यावर बसली होती. मी कुंपणाबाहेरून बघितलं. हमाल रांगेत होते, गप्प होते. एकजण म्हणाला, “ताई, जरा नीट बघा, माझं खोकं हलकं आहे.” ताई म्हणाला. मला तो शब्द पुरे आहे.

म्हणून उत्तर: नको.

आता याचा अर्थ नीट लावून घे, कारण तुला प्रत्येक गोष्टीला अर्थ चिकटवायची सवय आहे. मी तुला माफ केलं म्हणून ‘नको’ नाही. मी मोठा झालो म्हणून नाही. तुला सांगून मोकळं व्हायचंय. छातीवरचं उतरवून, तिच्या समोर चार टिपं गाळून, घरी येऊन शांत झोपायचंय. ते मी होऊ देणार नाही. तिच्याशी खोटा ठरून मला जगायचंय ना, मग खऱ्याचं ओझं घेऊन तूही जग. तुझ्या नव्या आवृत्तीवर सही मागायला माणसं येतील तेव्हा प्रत्येक वेळी मला आठव. वर हसून सही कर.

तिच्याकडे जाऊ नकोस. हे एकच मागतो, आणि या वेळी खरंच पाया पडून मागतो, हवं तर असं समज.

“अरे, जेवून तरी जा,” म्हणतेयस. आवाज रडवेला आहे. मी काही ऐकलं नाही.

किल्ली कागदावर ठेवतो, म्हणजे पंख्याखाली हा उडणार नाही. पिशवी खांद्याला लावली. मी निघालो. दार बाहेरून ओढून घेतोय. आतली कडी तुझी तू घाल.